पायांना विसावा न देणारी सायकल

प्रश्न : चव्वेचाळीस वर्षांचे एक वाचक लिहितात की, शाळेत असल्यापासून ते सायकल चालवत आहेत आणि गेली बारा वर्षे रोज कामावरही सायकलनेच जातात. धाकटा भाऊ कायमचा दूर राहायला गेला, तेव्हा तो आपली लाडकी फिक्स्ड गिअरची सायकल त्यांना देऊन गेला. तिला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा, नाही आणि ब्रेकही नाही. पहिल्याच आठवड्यात ते दोनदा पडले. एकदा सौम्य उतारावर त्यांनी सवयीने पाय थांबवले आणि सायकलने त्यांना सीटवरून उडवले. दुसऱ्यांदा सिग्नलला थांबताना पाय पायडलाच्या पट्ट्यातून वेळेवर निघाला नाही आणि ते उभ्या उभ्या आडवे झाले. मनगटाला मार लागला, पण घरी त्यांनी ‘जिन्यावरून घसरलो’ असे सांगितले. भावाचे म्हणणे असे की, ब्रेक लावला तर त्या सायकलीत काही उरणार नाही. महिनाभर चिकाटीने चालवावी, म्हणजे आपोआप जमेल. ते विचारतात, ‘इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही मला हे जमू नये, याची लाज वाटते. वय आड येते आहे का? सायकल विकून टाकू, की हट्टाने शिकू?’

उत्तर :

नमस्कार. सायकलीकडे वळण्याआधी मनगटाचे बघू. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या बुडाशी असलेले एक लहानसे हाड मोडू शकते, आणि सूज फारशी नसल्यामुळे ‘मुरगळले असेल’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर अजून दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्या, आणि त्यांना जिन्याची गोष्ट न सांगता खरे काय झाले ते सांगा. घरीही सांगून टाका. पुढे मी ज्या सरावाबद्दल लिहिणार आहे, तो चोरून करण्यासारखा नाही. पहिल्या दोन-चार वेळा मैदानाच्या कडेला आपले कोणी उभे असलेले बरे.

आता तुमच्या लाजेकडे येते. ‘इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही’ या शब्दांतले ‘नंतरही’ मला खटकले. ते काढून तिथे ‘मुळे’ घातले, तर तुमच्या दोन्ही पडण्यांचे कारण हाती लागते. साध्या सायकलीवर आपण पायडल मारता मारता वरचेवर पाय थांबवतो. समोर खड्डा दिसला की पाय थांबतात, वळण आले की थांबतात, कोणी हाक मारली की थांबतात, मागे वळून पाहताना थांबतात. पाय थांबले की मागच्या चाकातून येणारी ती टिकटिक ऐकू येते. फ्रीव्हीलमधल्या बारीक खिट्ट्या दात्यांवरून घसरत असतात, त्याचा तो आवाज. तुमच्या शरीराने तीस-पस्तीस वर्षे त्या टिकटिकीला विसावा मानले आहे आणि गडबडीच्या क्षणी ते तिकडेच धाव घेते. ज्याने आयुष्यात कधी सायकल चालवली नाही, त्याला ही ओढ नसते. म्हणून या एका बाबतीत नवशिक्याचे काम तुमच्यापेक्षा सोपे आहे.

फिक्स्ड गिअरच्या सायकलीत मागची दातेरी चकती थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, घट्ट बसवलेली असते. चाक फिरेल तोवर पायडल फिरणार. चाक पुढे गेले तर पायडल पुढे आणि चाक मागे आले तर पायडलही मागे. तुम्ही उतारावर ताशी 30 किलोमीटर वेगाने जात होता असे धरले, तर तुमचे पाय मिनिटाला सुमारे ऐंशी वेळा फिरत होते, म्हणजे दर पाऊण सेकंदाला एक फेरा. अशा वेळी पाय ताठ करणे म्हणजे तुमचे स्वतःचे आणि सायकलीचे मिळून सगळे वजन ज्या वेगाने पुढे चालले आहे, त्या वेगाला गुडघ्याने अडवणे. गुडघा हरतो, पायडल पाय वर उचलते आणि पायाबरोबर तुम्हीही सीटवरून उचलले जाता. यात धैर्याचा किंवा वयाचा संबंध कुठेच येत नाही.

यावर मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय तुमच्या जुन्या सायकलीवरच करायचा आहे. पुढचे आठ-दहा दिवस कामावर जाताना त्याच नेहमीच्या सायकलीवर पाय अजिबात न थांबवण्याचा प्रयत्न करा. उतारावर जोर लावू नका, पण पाय फिरते ठेवा. टिकटिक ऐकू आली की मनात एक आकडा मोजा. पहिल्या दिवशी मोजता मोजता तुम्ही कंटाळाल. आकडा जसजसा खाली येईल, तसतसे एक वेगळेच लक्षात येऊ लागेल: समोरचे आता बरेच आधी बघावे लागते, कारण ‘पाय थांबवून बघू काय होते ते’ ही सोय गेलेली असते. फिक्स्ड गिअर शिकणे म्हणजे मुख्यतः हेच, आणि ते पडण्याचा धोका न पत्करता शिकता येते.

भावाच्या ब्रेकविषयीच्या मताशी मी सहमत नाही, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण हे मत अनेक जण अभिमानाने सांगतात. बिनब्रेकची सायकल आली ती वेलोड्रोममधून, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या कलत्या ट्रॅकवरून. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, सगळ्यांच्या सायकली एकाच जातीच्या असतात, मध्ये सिग्नल नसतो, दार उघडणारी मोटार नसते, चेंडूमागे धावत येणारे मूल नसते. तिथे एखाद्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील. म्हणून तिथे ब्रेक नसणे हीच सुरक्षितता आहे. त्या नियमामागचे कारण तिथेच सोडून नुसता नियम रस्त्यावर आणला, तर त्याची फॅशन होते. अनेक देशांच्या वाहतूक कायद्यांना रस्त्यावरच्या सायकलीला ब्रेक लागतो, ही गोष्ट आणखी वेगळी.

‘पायांनी चाक अडवता येते की,’ असे भाऊ म्हणेल. येते, पण किती? वेग कमी होऊ लागला की वजन पुढच्या चाकावर झुकते आणि मागचे चाक हलके होते. पायांचा जोर पोहोचतो तो मात्र फक्त मागच्या चाकापर्यंत. त्या हलक्या झालेल्या चाकाला जास्त अडवले तर ते घसरते, आणि घसरणारा टायर फिरणाऱ्या टायरइतकी पकड देत नाही. मागचे चाक लॉक करून लांबच लांब काळी रेघ ओढत थांबणे पाहणाऱ्याला फार शूर वाटते, पण ती रेघ म्हणजे वाया गेलेले अंतर असते. पुढचा ब्रेक व्यवस्थित दाबणारा माणूस त्याच्या कितीतरी अलीकडे थांबलेला असतो. शिवाय चेन उतरली किंवा तुटली, तर पायांचा ब्रेक त्याच क्षणी संपला. म्हणून पुढचा ब्रेक बसवल्याखेरीज ही सायकल रस्त्यावर आणू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे, आणि तो फक्त नवशिक्यांपुरता नाही. ब्रेक बसल्यावर तो हळूहळू दाबत नेण्याचा आणि दाबताना बूड थोडे मागे सरकवण्याचा सराव करा.

ब्रेक बसवण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. पुढचे चाक ज्यात बसते त्या चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, माथ्यावर ब्रेकसाठी भोक आहे का ते पाहा. केवळ ट्रॅकसाठी बनवलेल्या फोर्कला ते नसते. नसेल तर ड्रिल मारून घेण्याचा मोह टाळा आणि भोक असलेला फोर्क बसवून घ्या. जुना काढून घरात ठेवा.

‘जुना घरात ठेवा’ हे मुद्दाम लिहिले. भावाने दिलेली वस्तू त्याने दिली तशीच वापरली पाहिजे, असे ओझे तुमच्या पत्रात न लिहिताही जाणवते. त्याने ती सायकल तुमच्यावर माया आहे म्हणून दिली. त्याचे पाय, त्याचे रस्ते, त्याच्या सवयी यांना साजेशी ती त्याने घडवली होती; आता तीवर तुम्ही बसणार आहात. सीटची उंची बदलताना तुम्ही त्याला विचारले नसेलच. ‘ब्रेक लावतो आहे, तुझा फोर्क जपून ठेवला आहे,’ असे त्याला सरळ कळवा. तो चार दिवस चिडवेल, एवढेच.

पुढची बाब गिअरची. पुढच्या चकतीला 48 आणि मागच्या चकतीला 16 दाते असल्याचे तुम्ही मोजून कळवले, हे फार बरे केले. पायडलाच्या एका फेऱ्यात तुमचे चाक तीन वेळा फिरते आणि सायकल सुमारे 6.3 मीटर पुढे जाते. शिकणाऱ्यासाठी हा गिअर जड आहे. निघताना गुडघ्यावर ताण येतो, आणि ज्या अर्थी निघताना जड जाते त्या अर्थी पायांनी थांबवतानाही तितकेच जड जाणार. मागे 18 दात्यांची चकती बसवली, तर एका फेऱ्यात सायकल साधारण 5.6 मीटर जाते. बहुधा आहे तीच चेन चालते, फक्त चाक किंचित पुढे घ्यावे लागते. याची किंमत उतारावर मोजावी लागते. ताशी 40 किलोमीटरला 16 दात्यांवर पाय मिनिटाला 106 वेळा फिरतील, तर 18 दात्यांवर जवळजवळ 120 वेळा. पण उतारावर तुम्हाला 40 चा वेग गाठू द्यायचाच नाही, त्यासाठी तर ब्रेक आहे. उतार सुरू होण्याआधी ब्रेक लावा. पाय आवरेनासे झाल्यावर लावलेला ब्रेक उशिराचा असतो.

तुमचे दुसरे पडणे मला पहिल्यापेक्षा जास्त ओळखीचे वाटले. पट्ट्यात पाय अडकून जागच्या जागी, अगदी संथपणे, आपल्याला दिसत असताना आडवे होणे हा अनुभव मीही घेतला आहे, आणि त्यात लागते त्यापेक्षा बघ्यांचे हसणेच जास्त टोचते. पट्टे काढून टाकावेत का, असे तुमच्या मनात येईल. काढू नका. वेगात पाय निसटला तर फिरती पायडले नडगीवर आपटत राहतात आणि पुन्हा पाय ठेवायला ती थांबत नाहीत. पट्टे सैल ठेवा, इतके की पाऊल मागे ओढले की सुटावे. मग थांबण्याची जागा दिसली की तिच्या दोन-तीन फेरे आधीच टेकायचा पाय मोकळा करून पायडलावर नुसता ठेवा. थांबल्यावर सोडवू म्हटले की काय होते, ते तुम्ही पाहिलेच आहे.

थांबलात, पण अडकवलेला पाय खालच्या टोकाला राहिला, तर पुन्हा निघता येत नाही. साध्या सायकलीत आपण पायडल उलटे फिरवून वर आणतो. इथे ते फिरत नाही. अशा वेळी पुढचा ब्रेक घट्ट धरा, छातीचा भार हँडलवर टाकून सायकल पुढे रेटा, म्हणजे मागचे चाक जमिनीपासून बोटभर उचलले जाईल, आणि तेवढ्यात अडकवलेल्या पायाने पायडल फिरवून घ्या. उजव्या बाजूने पाहिले तर क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, घड्याळातल्या दोनच्या आकड्यावर आला पाहिजे. घराच्या अंगणात किंवा गच्चीवर हे वीस-पंचवीस वेळा केलेत, तर सिग्नलला त्याचा विचारही करावा लागणार नाही. ही युक्तीदेखील पुढच्या ब्रेकशिवाय जमत नाही, हे जाता जाता सांगते.

सरावासाठी सपाट, मोकळे आणि निर्मनुष्य मैदान शोधा. पहिल्या दिवशी अर्धा तास नुसते फिरा, माणसाच्या चालण्याइतक्या वेगाने. कंटाळा येईल, येऊ द्या. नंतर पायांनी वेग कमी करणे शिकायचे. पायडल मागच्या बाजूने वर येत असताना त्यावर तळव्याचा हलका दाब द्यायचा, तोही प्रत्येक फेऱ्यात थोडा थोडा. जिना उतरताना आपण शरीराचा भार आवरून धरतो, तसाच हा जोर असतो. म्हणूनच दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात आणि ते स्वाभाविक आहे; गुडघ्याच्या वाटीपाशी दुखले तर मात्र सराव थांबवून सीटची उंची आणि गिअर पुन्हा तपासा.

वळणांना घाई करू नका. एरवी आपण वळताना आतल्या बाजूचे पायडल वर ठेवतो. इथे ते खालीही येणारच, आणि सायकल जास्त कलली असेल तर ते जमिनीला घासून मागचे चाक उचलले जाते. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा आणि सायकल कमी कलवायची. गतिरोधकावर पायडले आडवी धरून उभे राहण्याची सवयही सोडावी लागते. पाय फिरत असतानाच सीटवरचा भार थोडा हलका करायचा. लिहायला हे सोपे आहे, पण अंगवळणी पडायला चार-सहा दिवस जातात. उतार अगदी शेवटी. चाक लॉक करून घसरवणे आणि सिग्नलला पाय न टेकता जागच्या जागी तोल सांभाळणे या दोन कसरतींची तुम्हाला गरज नाही. पुढे हौस वाटली तर शिका. भावाने त्या आधी शिकवायला घेतल्या तर नको म्हणा.

काही गोष्टी साध्या सायकलीवर किरकोळ असतात आणि इथे नसतात. बुटाची नाडी ही त्यांतली पहिली. माझी नाडी एकदा उजव्या पायडलाच्या दांड्याभोवती गुंडाळली गेली. प्रत्येक फेऱ्यागणिक ती आवळत होती, पाय थांबवता येत नव्हता आणि वाकून सोडवताही येत नव्हती. पुढच्या ब्रेकने सायकल थांबवली आणि एका कुंपणाला टेकून उभी राहिले, तेव्हा बुटाच्या आत बोटे बधिर झाली होती. तेव्हापासून नाडीची टोके बुटात खोचल्याशिवाय मी निघत नाही. दुसरी गोष्ट बोटांची. सायकल उलटी करून, चाक फिरवत, फडक्याने चेन पुसण्याची सवय असेल तर ती या सायकलीपुरती विसरा. फडके चेन आणि चकती यांच्यामध्ये ओढले गेले, तर चाक आपल्या वेगाने फिरत राहते आणि बोटे तुटेपर्यंत थांबत नाही. चाक स्थिर असताना पुसा, मग थोडे सरकवा, पुन्हा पुसा.

आणि हबकडे जाणकार मेकॅनिककडून एकदा बघून घ्या. मागची चकती आट्यांवर बसते आणि पायडल मारताना आणखी घट्ट होत जाते. पण पायांनी उलटा जोर दिला की ती सुटायला बघते, म्हणून तिच्या बाहेरून उलट्या आट्यांची एक लॉकरिंग लागते. ती नसेल किंवा सैल असेल, तर ऐन थांबायच्या वेळी चकती मोकळी फिरू शकते. चेन मधोमध बोटाने दाबून सुमारे सेंटिमीटरभर हलावी, आणि क्रँक फिरवत चार-पाच जागी हे पाहावे, कारण चकत्या अगदी तंतोतंत गोल क्वचितच असतात.

वयाबद्दल थोडक्यात. चव्वेचाळिसाव्या वर्षी ही सायकल शिकता येते. विशीतल्या माणसापेक्षा पडल्यावर बरे व्हायला वेळ जास्त लागतो, म्हणून हेल्मेट घाला आणि सलग दोन दिवस सराव करू नका.

राहिला विकण्याचा प्रश्न. तुम्ही मला ‘विकू की हट्टाने शिकू’ असे दोनच रस्ते दाखवलेत. तुमच्या हबमध्ये बहुधा तिसरा आहे. मागचे चाक काढून दुसऱ्या बाजूला पाहा. अशा पुष्कळ सायकलींच्या हबला दोन्हीकडे आटे असतात, एकीकडे स्थिर चकती आणि दुसरीकडे फ्रीव्हील बसवता येते. 15 मिलिमीटरच्या पान्याने दोन नट सैल करायचे, चाक उलटे बसवायचे, चेन ताणायची. दहा मिनिटांत ती साधी सायकल होते. मात्र तेव्हा पायांचा ब्रेक उरत नाही, म्हणून मागचा ब्रेकही लागेल. चाक उलटवणे म्हणजे हार मानणे, असे कोणी म्हटले तर त्याला सांगा की, टूर द फ्रान्समध्ये 1937 पर्यंत डिरेलर गिअरना, म्हणजे चालत्या सायकलीवर चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या गिअरना, परवानगी नव्हती, आणि तोवर तिथले नामांकित स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी खाली उतरून, मागचे चाक काढून, उलटे बसवूनच वर चढत असत.

तेव्हा असे करा. आधी मनगट, मग ब्रेक आणि 18 दाते, मग जुन्या सायकलीवरचे आठ-दहा दिवस, आणि त्यानंतर मैदानावर साताठ वेळा. एवढे झाल्यावर एका सकाळी, रहदारी सुरू होण्यापूर्वी, कामाच्या रस्त्यावरून एकदा जाऊन या. परत येताना प्रत्येक उतारावर दात आवळले जात असतील, तर चाक उलटवा आणि सायकल खुशाल वापरा. उतारावर पाय आपले आपण फिरत राहिले आणि घर आल्यावर आणखी एक चक्कर मारावीशी वाटली, तर विकण्याचा प्रश्न उरणार नाही.